एक टोपण जास्त

द्राक्षाची कलमं करण्यात माझं आयुष्य गेलं. जंगली खुंटावर गोड काडी बांधायची, पट्टी गुंडाळायची आणि वाट बघायची. डोळे मिटून मणी दाताखाली धरला तरी सोनाका की थॉमसन ते मी सांगतो, आणि कुणी चूक म्हटलं तर भांडतो. म्हणून भांगेच्या झाडातही वाण असतात हे मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, घरात कॅन्सर आलेला असतानाही मी खुर्चीत सरसावून बसलो.

कॅन्सर बायकोला झाला होता. केमोच्या तीन फेऱ्या झाल्या आणि तिचं खाणंच सुटलं. फोडणीचा वास आला की नाकाला पदर लावून ती मागच्या गॅलरीत जायची. दिवसभरात पोटात काय, तर नागलीची पेज, तीही चार चमचे, तीही माझ्यावर उपकार म्हणून. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघत सरळ सांगितलं की असंच वजन उतरत राहिलं तर पुढची फेरी लांबवावी लागेल, आणि ते त्यांना नको होतं. पुढच्या फेरीला अकरा दिवस होते. तिनं खाल्लं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलगी कॅनडात असते. तिकडे या झाडाची दुकानं आहेत म्हणे, आणि केमोवाले लोक भूक लागावी, मळमळ थांबावी म्हणून तिथून काहीबाही आणतात. तिनं वाणांची एक यादी पाठवली. एकाचं नाव केकचं, एकाचं लिंबाचं आणि एकाच्या नावात चक्क द्राक्ष. मी हरखलोच. म्हटलं, हे द्राक्षाचं पाठव. ती उखडली. असं पाठवणं गुन्हा आहे, बाबा, म्हणाली. तुमच्याकडे भांगेच्या पानापासून केलेली आयुर्वेदिक औषधं मिळतात, वैद्यांची चिठ्ठी घ्या आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. विचारलं. त्यांनी चालू गोळ्यांची यादी तपासली आणि अगदी कमी घ्या, काय होतं ते मला कळवा, एवढं म्हणाले.

बायको मात्र भांग म्हटल्यावर हसली. किती दिवसांनी हसली असेल. माझा एक मित्र शिवरात्रीला भांग पिऊन तासभर विजेच्या खांबाची खुशाली विचारत उभा होता, ते तिला आठवलं. मला तसं करून ठेवू नका म्हणजे झालं, म्हणाली.

वैद्यबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या. बायकोला घेऊन गेलो आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न टाकला, वाण कोणतं? त्या म्हणाल्या, काका, इथं वाणाच्या नावानं मिळत नाही, डबीवरचे दोन आकडे बघायचे. एक घटक डोक्यात चढतो, पण मळमळीवर आणि भुकेवर बहुतेक तोच काम करतो. दुसरा चढत नाही. दोन्हींचं प्रमाण माणूस बघून ठरवायचं. माझी कळी खुलली. आम्हीही मण्यातली गोडी आणि आंबटपणा असाच जोडीनं बघतो, नुसत्या गोडीवर द्राक्ष काढलं तर त्याला चव नसते. मी त्यांना हे सगळं ऐकवलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी बाईंनी ऐकून घेतलं.

मग तीन प्रकार पुढे आले. थेंबानं घ्यायचं तेल, कॅप्सूल, आणि संत्र्याच्या चवीच्या जेलीच्या चौकोनी वड्या. तेलाला ओल्या गवताचा उग्र वास होता. झाकण उघडताच बायकोनं तोंड फिरवलं. कॅप्सूल तोडता येत नाही, आणि सुरुवात तर तुकड्यानं करायची. राहिली वडी. बाईंनी बजावलं, फक्त पाव वडी. पोटातून जातं, उशिरा चढतं. दोन तासांत काही वाटलं नाही तरी त्या दिवशी पुन्हा द्यायची नाही. मी मान डोलावली.

आता बागायतदाराची खोड सांगतो. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर एका पंपाला एक टोपण लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडे एकच टोपण टाकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आपली बाग, आपला रोग, कंपनीवाल्याला काय कळतंय, असं म्हणत दुसरं अर्धं टोपण पडतंच. चाळीस वर्षं माझाही हात तसाच पडत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी कलमाच्या चाकूनं वडी कापली. पाव कापायची होती. चाकू जरा पलीकडे टेकवला. मुद्दाम टेकवला. ती निमूट खाऊन बसली. अकरा वाजले, काही नाही. पेज पुढे केली, तिनं वाटी सरकवली. माझा जीव वरखाली. इतका छोटासा तुकडा कुठं पुरणार, असं म्हणून मी आणखी एक दिला. बाईंनी चालेल म्हटलंय, असं तिला चक्क खोटं सांगून दिला.

साडेबाराला तिनं माझं मनगट धरलं. भिंत जवळ येतेय म्हणाली. छातीत धडधडतंय, जीभ जड झालीय. तोंड पांढरंफटक. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, मी चालले का?"

मी वैद्यबाईंना फोन लावला. त्यांनी किती दिलं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून खरं आकडेमोडीसकट बाहेर आलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. आडवं करा, एकटं सोडू नका, पाणी द्या, ब्लड प्रेशर बघून सांगा, संध्याकाळपर्यंत उतरेल. धडधड वाढली तर तडक हॉस्पिटल गाठा. मी पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहिलो. दर दहा मिनिटांनी ती विचारायची, मी आहे ना? मी म्हणायचो, आहेस गं. पाचच्या सुमारास उतरलं. तिनं माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बागेला पाजता तसं मला पाजलंत," म्हणाली.

मी कपाळकरंटा. तीन दिवस तिनं त्या डबीकडे पाहिलं नाही आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलली. पेजेचे चार चमचे दोनवर आले. वजन आणखी उतरलं. मी वैद्यबाईंकडे एकटाच जाऊन बोलणी खाऊन आलो. पाव वडीपेक्षाही कमी द्या, म्हणाल्या, पण त्यांची इच्छा असेल तरच. हे घरी येऊन मी शब्दन् शब्द तिला सांगितलं. परवाचं माझं खोटंही सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. दोऱ्याची दोन टोकं बोटांना गुंडाळून तिनं वडीचे आठ सारखे तुकडे केले. दोऱ्यानं इतकं नेमकं कापता येतं हे मला, जन्मभर चाकू चालवणाऱ्याला, माहीतच नव्हतं. एक तुकडा तोंडात टाकला, बाकीचे डबीत, आणि डबी तिच्या उशाखाली. कॅलेंडरवर फुली. मला म्हणाली, तुम्ही आता नुसतं बघायचं.

बघत राहिलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मळमळ जरा कमी वाटली म्हणाली, पण खाल्लं नाही. माझे हात शिवशिवत होते. उशीकडे नजर जायची, मी नजर उचलून पुन्हा पेपरात घालायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्यापुरतं वरण शिजवत होतो, बिनफोडणीचं, नुसतं हिंग-हळदीचं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदर नाकाला नव्हता.

"दोन घास भात द्या त्याबरोबर," म्हणाली.

वडीनं झालं, की केमोचे वाईट दिवस सरले म्हणून, मला अजून ठाऊक नाही. मी ताट घेतलं. डावभर भात, वरण, थेंबभर तूप. हात पुन्हा पातेल्याकडे गेला होता. मी तो मागे घेतला आणि पाठीशी धरून उभा राहिलो. तिनं सावकाश खाल्लं. दोन घास झाले, तिसरा झाला. माझे डोळे भरून आले. ताट रिकामं झालं तेव्हा तिनं ते माझ्यापुढे धरलं.

"घाला," ती म्हणाली. "इथं चालतं एक टोपण जास्त."