भिंगवाल्या बाई

बाई कुठलीही वस्तू आधी भिंगातून पाहत. पुसदच्या आमच्या आयटीआयत त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं छोटं काळं भिंग त्यांच्या गळ्यात नाडीला ओवलेलं असायचं. चष्मा कपाळावर ढकलून त्या ते डोळ्यात बसवत आणि शेजारी कोण उभं आहे हेही विसरत. पोरांनी त्यांचं नाव भिंगवाल्या बाई पाडलं. एकदा कुणीतरी ते हजेरीच्या वहीवर लिहून ठेवलं, तर त्यांनी अक्षर भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "लिवलं तं लिवलं, पन भिंगाचा भ तं नीट काढायचा."

मी उमरखेडहून एसटीनं यायचो. माझे सोल्डरिंगचे जोड दिसायला चकचकीत आणि आतून कच्चे. बाई चिमट्यानं तार ओढत, जोड सुटून येई. "वरून चमकते म्हनून झालं का? हालवून पाह्य." माझा हात बसेपर्यंत त्या रविवारीही आल्या, स्वतःची भाकर-भाजी घेऊन. मला नोकरी लागली ती त्या रविवारांमुळे.

यवतमाळातल्या एका छोट्या कारखान्यात मी खरेदी पाहू लागलो. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं दवाखान्यांत असतात; त्यांचं तापमान आवरणारी कार्डं आम्ही बनवत होतो. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मीच मालकांना सांगून त्यांना माल तपासायला आणलं. त्या खोली घेऊन यवतमाळात राहिल्या.

मग कोरोनाच्या काळात या कार्डांवर बसणाऱ्या चिपा मिळेनाशा झाल्या. परदेशातून येणारा माल थांबला आणि नेहमीचे व्यापारी फोन उचलेनात. मी कुठूनतरी एक लॉट मिळवला. बाईंनी नखांचा रंग काढायच्या औषधात कापसाचा बोळा बुडवला आणि एका चिपेवर फिरवला. बोळा काळा झाला.

"भंगारातून काढेल हाये," त्या म्हणाल्या. "घासली, वरून रंग मारला अन् नवं नाव छापलं. पाह्य तू."

मी भिंगातून पाहिलं. घासल्याच्या बारीक रेघा स्वच्छ दिसत होत्या.

दवाखान्यांना माल द्यायची तारीख जवळ आली होती. दुसरा लॉट यायला कित्येक महिने लागले असते आणि तोवर कारखाना बंद ठेवावा लागला असता. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, "बाई म्हणतात ते खरं आहे का?"

मी म्हणालो, "बाईंचं वय झालं, साहेब. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत."

पुढच्या आठवड्यात मीच बाईंना सांगितलं की काम कमी झालंय. त्यांनी टेबल आवरलं आणि जाताना एवढंच विचारलं, "तो लॉट वापस पाठवला न?"

"हो," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी एका दवाखान्यात आमच्या कार्डाचं यंत्र तापतच गेलं. नर्सचं लक्ष गेलं म्हणून तिनं बाळ उचललं. पाठ भाजली होती, जीव वाचला. आम्ही सगळी कार्डं परत मागवली. अहवालात कारण लिहिलं, विजेचा कमीजास्त दाब. तो अहवाल माझ्या हातचा.

पुढे चिपांसाठी बाहेरच्यांवर अडून राहायला नको म्हणून सरकार देशातल्या कारखान्यांना मोठा पैसा देऊ लागलं. तशा एका नव्या कारखान्यात मी मुलाखतीला गेलो. नकली चिप कशी ओळखाल, असं त्यांनी विचारलं. मी बोळा सांगितला, रेघा सांगितल्या, बाईंचं नाव सांगितलं नाही. येणारा माल खरा आहे की नाही हे पाहणाऱ्या विभागात माझी निवड झाली.

बाई पुसदला परतल्या होत्या; पेढे घेऊन मी तिथं गेलो. बाईंना खूप आनंद झाला. "आपल्या देशात चिप बनून राह्यली, अन् माहा पोरगा तिथं," त्या म्हणाल्या. मग मला राहवलं नाही. मी लॉटचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, दवाखान्याचं नावही सांगितलं.

बाईंनी हातातला पेढा परत ठेवला. मग म्हणाल्या, "पोरगा होता का पोरगी?"

"माहीत नाही."

"आता कसं हाये लेकरू?"

मी ते कधी विचारलंच नव्हतं.

"जाऊन ये," त्या म्हणाल्या.

मी गेलो नाही. नवी नोकरी होती, लांबचं राज्य होतं, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, "गेलता का?" दोन्ही वेळा मी पुढच्या सुट्टीचं नाव सांगितलं.

यंदा उन्हाळ्यात दुपारी त्यांचा फोन आला. मी नव्या पोरांना माल कसा तपासायचा ते शिकवत होतो.

"मी गेलती," बाई म्हणाल्या. "नर्सनं घर दाखवलं. पोरगी हाये. अंगनवाडीत जाते. पाठीवर डाग हाये, पन दुखत नाही म्हने." मग त्या म्हणाल्या, "तुले मालूम असावं म्हनून सांगतलं."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केलेला नाही, धीर होत नाही.