तळीचा पाचवा हात

त्या दिवसांत मी फार थकलो होतो. काम तेच होतं, पण संध्याकाळी म्हैसुरात कुवेंपुनगरच्या स्टॉपवर उतरलो की घरापर्यंत चालणंही जिवावर यायचं. निमित्त झालं एका सिनेमाचं. महेशनं हौसेनं तिकिटं काढली होती. दोन पुरुषांचं प्रेम, त्यातला एक देवभक्त. शेवटी तो देवाला निवडतो आणि दुसऱ्याला सोडतो. बाहेर पडल्यावर मी महेशला म्हणालो की माझ्याच्यानंही दोन्ही जमायचं नाही. इतक्या वर्षांचं प्रेम मी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या मोडलं. तो भांडला नाही. स्कूटर काढून निघून गेला.

वाटलं, आता तरी पूजेत मन लागेल. कसलं लागतंय! देवासमोर डोळे मिटले की त्याची पाठच दिसायची.

अशात चंपाषष्ठी आली. आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या शिपायांचं, कुलदैवत खंडोबा. नैवेद्यानंतर तळी भरायची, म्हणजे भंडारा-खोबऱ्याचं ताम्हन पाच पुरुषांनी मिळून उचलायचं. अप्पा, काका, चुलतभाऊ आणि मी, असे चौघेच होतो. दरवर्षीचे पाचवे, शेजारचे मामा, टी. नरसीपूरला अडकले होते. भरीत-रोडगे निवत चालले. मी मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ, मी दमलो.

"तुझ्या महेशला बोलाव की," अप्पा म्हणाले.

तो आपल्यातला नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"मैलारलिंग म्हणजे आपला खंडोबाच, त्यांचापण देव, अल्लवा, हो की नाही? सुम्ने फोन कर, उगाच विचार नको. किती दिवस झाले, धड जेवत नाहीस तू. मला दिसत नाही होय?"

महेश आला. एका शब्दानं काही न विचारता पाय धुऊन ताम्हनाला हात लावला. 'येळकोट' म्हणताना मी अडखळलो; माझ्या वाटचं तोच मोठ्यानं म्हणाला. अप्पांनी आधी त्याच्या कपाळी भंडारा लावला, मग त्याच बोटांनी माझ्या.

कोणी याला योगायोग म्हणेल, म्हणो बापडा. देव की महेश, हा पेच मीच घातला आणि निकालही मीच दिला. देवाला विचारलंच नव्हतं. त्यानं माझ्या बापाच्या तोंडून सांगितलं, याचं ऋण कसं फिटावं? आता निवाडे मी त्याच्यावरच सोपवतो.

जेवताना अप्पांनी महेशला विचारलं, पुढच्या वर्षी येशील ना. त्यानं रोडगा मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं.

"येईल," मी म्हणालो.