डावऱ्याचा मोजा

बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकं त्यांच्या माघारी फौजदारीणबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्या नोट उजेडात धरून बघायच्या. व्यापाऱ्याने पाठवलेल्या काचा एकेक करून तपासायच्या. नवऱ्याने "जरा पाय मोकळे करून येतो" म्हटलं, की त्याने चपला कुठल्या घातल्यात तेही बघायच्या. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. डोळे तपासायला बसलेला माणूस किती थापा मारतो, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. खालची ओळ दिसत नसली तरी अंदाजाने ठोकून देतो, जसं काही पास झाल्याबद्दल बक्षीसच मिळणार आहे. आयुष्यभर हे पाहिल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

दोनच माणसांवर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. एक त्यांचे बाबा आणि दुसरा डावऱ्या. गल्ल्यावरच्या भिंतीवर डावऱ्याचा पेपरातून कापलेला फोटो चौकटीत लावलेला होता. डाव्या पायाने असा फुटबॉल खेळणारा त्या शहराने पुन्हा पाहिला नाही. साठीच्या पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक त्या फोटोपाशी थबकायचं आणि अंतिम सामन्यातला तो गोल आपण कसा पाहिला ते सांगायचं. प्रत्येकाचा गोल निराळा. बाई मान हलवायच्या आणि मनात म्हणायच्या, थापाड्या. डावऱ्या गेला तेव्हा त्यांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं होतं. सख्ख्या मामाच्या वेळी अर्धाच दिवस ठेवलं होतं.

स्वतः त्यांनी डावऱ्याला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. अंतिम सामन्याच्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. "बाबा, मला न्या ना," म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पण बाबांची नेमकी त्याच दिवशी कारखान्यात पाळी निघाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली. वाचताना त्यांचा आवाज फाटत होता. काय लिहिणारा असेल तो, माझ्या बाबांना गहिवरून आलं, असं त्या नेहमी म्हणायच्या. मग बाबांनी फोटो कापून दिला आणि उरलेला पेपर स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरला गेला. बातमी पुन्हा वाचायची गरज कधी पडलीच नाही, ती पाठच होती.

एके दुपारी एक म्हातारे गृहस्थ चष्मा बदलायला आले. बाईंनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि तक्त्याकडे बोट केलं. चौथ्या ओळीला ते थांबले. "नाही दिसत," म्हणाले. अंदाज नाही, मखलाशी नाही. बाईंना जरा नवलच वाटलं.

बाई काच बदलत असताना म्हाताऱ्यांची नजर फोटोवर गेली आणि ते हळूच म्हणाले, "काल मैदानावर कोणी कोणाला ओळखत नव्हतं, आणि तरी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते."

बाईंचा हात थांबला. बातमीचं ते पहिलं वाक्य होतं.

"पाठ केलेलं दिसतंय, काका."

"पाठ कशाला करू? मीच लिहिलंय."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. बातमीवर कोणाचं नाव नव्हतं, त्यामुळे उद्या कोणीही उठून म्हणेल की मीच तो. सवलत मागायचा बेत असणार, नाहीतर उधारीचा.

"असं का? मग तो गोल कसा झाला, सांगा बरं."

"तेवढंच सांगता येणार नाही," म्हातारे म्हणाले. "फ्री किक घ्यायच्या वेळी सगळे उठून उभे राहिले, कोणाचं तरी कोपर लागलं आणि माझा चष्मा बाकाखाली पडला. मी तो चाचपडत होतो, तेवढ्यात आरोळी उठली. मग मी लोकांबद्दलच लिहिलं. ते लोकांना इतकं आवडलं की आता खरं सांगायची लाज वाटते."

"काहीतरीच काय!" बाई उसळल्या. "डावऱ्याने चेंडू ठेवला, मोजा वर ओढायला वाकला, गोलकीपर बेसावध झाला, आणि वाकल्या वाकल्याच त्याने डावा पाय मारला. तुमच्याच बातमीत होतं! बाबांनी वाचून दाखवलंय मला."

म्हाताऱ्यांनी फ्रेम काढली. "बाई, माझ्या बातमीत चेंडूच नव्हता. मोज्याचं मला त्या गोलकीपरने सांगितलं, फार वर्षांनी. छापू नका म्हणाला, म्हणून छापलं नाही. पुढे भिंत करून आणि बाजूंना घोळका करून खेळाडू उभे होते, बाकीच्यांना डावऱ्या वाकलेला दिसलाच नाही. दिसला असेल तर गोलमागच्या कोपऱ्यातल्या चार माणसांना. तुमचे वडील कुठे उभे होते?"

"ते कारखान्यात होते," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण कुठेतरी पाणी मुरत होतं. खोटं बोलणारा स्वतःला मोठा करून सांगतो, हा त्यांचा धंद्यातला अनुभव, आणि हा माणूस तर स्वतःची फजिती सांगत होता. मग त्यांना आठवलं की त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हाच त्यांचा घसा बसलेला होता. यंत्रांचा फार आवाज होता, ओरडून बोलावं लागलं, असं ते आईला म्हणाले होते. आईने मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या दिवशी फाटत होता तो आवाज गहिवराने नव्हे.

"लबाड!" बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांना भयंकर राग आला होता, आणि पन्नाशी उलटलेल्या त्या बाई सात वर्षांच्या मुलीसारख्या रडायला लागल्या. "गेले होते. मला घरी ठेवून गेले होते. नेलं असतं तर काय बिघडलं असतं?"

म्हातारे गडबडले. "नेलं असतं तर मोठ्यांच्या गर्दीत तुम्हाला नुसत्या पाठी दिसल्या असत्या."

"ही पण तुमची न पाहता दिलेली बातमीच का?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"असेल." म्हातारे थोडे हसले. "पण त्यांना राहवलं नाही बघा. पेपरात नव्हता तो गोल त्यांनी तुम्हाला दिला. पकडले जाऊ, याचीही पर्वा केली नाही." मग त्यांनी फ्रेम पुन्हा नाकावर चढवली आणि हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे सरळ बसले. "मला पुन्हा सांगता? त्यांनी सांगितला तसाच. मी पाहिलेला नाही हो."

बाईंनी नाक पुसलं, घसा खाकरला आणि बाबांच्या थाटात सुरुवात केली. चेंडू ठेवला, भिंत उभी राहिली, गोलकीपरने हातमोजे सारखे केले. सगळं नीट चाललं होतं. डावऱ्या मोजा ओढायला वाकला आणि बाईंचा घसा बसला.