दोन जावांचे दोन पेपर

थोरली जाऊ हुशार, हे त्या घरात कुणी तपासायला गेलंच नव्हतं. सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि डॉक्टरांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लांबूनच वाचायची. धाकटी बेकरीत पाव पाकिटांत भरायची. तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागे, आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच येऊन विचारे. थोरलीने तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. तेव्हा त्या नावात मायाच होती.

मग दोघींनी एकदमच ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. कल्पना थोरलीची. लॉगिन कसं करायचं हेसुद्धा तिनेच धाकटीला शिकवलं. तू नुसती माझ्या मागे मागे ये, असं तिने सांगितलं होतं, आणि तिला मनापासून तेच हवं होतं. पहिल्या सत्राचा निकाल लागला, तेव्हा थोरली काठावर पास झाली होती आणि धाकटी चांगली वरच्या नंबरात होती. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

आता अभ्यासाची गंमत ऐका. थोरली व्हिडिओ लावायची आणि भांडी घासायला घ्यायची. तिकडे सर बोलताहेत, इकडे नळ वाहतोय. शेवटी स्क्रीनवर हिरवी खूण उमटली की हिचा जीव भांड्यात. धाकटी कामावरून आली की दार लावून बसे. व्हिडिओ थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके. दर शनिवारी सरांचा शंकांचा तास असे, तिथे बहुतेक वेळा सर आणि ती अशी दोघंच. इतके बाळबोध प्रश्न विचारी की बाहेर ऐकणाऱ्या थोरलीलाच लाज वाटे. त्यांची उत्तरं थोरलीलाही येत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

सासूबाईंनी जन्मात कुणाला शाबासकी दिली नव्हती. पण धाकटी अभ्यासाला बसली की त्या आपला रेडिओ बंद करायला लागल्या. थोरलीसाठी त्यांनी तो कधी बंद केला नव्हता. थोरली कधी बसलीच नव्हती म्हणा, पण हेव्याला असल्या गोष्टी दिसत नाहीत. घर माझ्या जिवावर चालतं, मला मेलं बंद दार कोण देतंय, दिलं असतं तर दाखवलं असतं, हे ती दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागली. आणि गोगलगाय म्हटल्यावर आता पुढचं ‘पोटात पाय’ही जोडू लागली.

शेवटची परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉप एकच, म्हणून धाकटीने पहिला दिवस घेतला आणि थोरलीने दुसरा. नियम दोघींनी मिळून वाचला होता: खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर थांबणार, आणि निरीक्षकांना वाटलं तर रद्दही होणार.

धाकटीचा पेपर अर्ध्यावर आला असेल. थोरली इस्त्रीचे कपडे घेऊन दाराशी उभी होती. कपाट त्याच खोलीत, म्हणजे सबब तयार. दाराची कडी केव्हाचीच मोडलेली. धाकटी नापास व्हायला हवी, हे तिने पहिल्यांदाच स्वतःशी सरळ कबूल केलं आणि दार ढकललं.

पेपर थांबला. खोलीत कोण आलंय, असं निरीक्षक बाईंनी स्क्रीनवरून कडक आवाजात विचारलं. धाकटीने वळून कपड्यांकडे पाहिलं, मग थोरलीच्या चेहऱ्याकडे. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाली, की या माझ्या थोरल्या जाऊबाई, चुकून आल्या. तिने लॅपटॉप उचलून पलंगाखालची जागासुद्धा दाखवली. बाईंनी ताकीद दिली आणि पेपर पुन्हा सुरू केला. थोरली कपडे तसेच घेऊन बाहेर आली.

संध्याकाळी ती कपड्यांचं काहीतरी सांगायला गेली. धाकटीने तिला पुरं बोलू दिलं नाही.

“ताई, कपडे नंतरही ठेवता आले असते. तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. उद्या तुमचा पेपर आहे. दाराबाहेर मी बसते, चिटपाखरूसुद्धा आत येणार नाही.”

धाकटी रागावली असती तर थोरली भांडली असती; भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. टोमणा असता तर तोही परतवला असता. पण धाकटी अगदी साधं बोलली होती, आणि थोरलीला त्या साधेपणाचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बेकरीत रजा टाकली आणि दाराबाहेर स्टूल मांडलं. घरातल्या पोरांना शेजारी पाठवलं. सासूबाईंनी आपण होऊन रेडिओ बंद केला. स्वयंपाकघरात नळसुद्धा कुणी सोडला नाही.

थोरलीने पहिला प्रश्न वाचला. हे कुठेतरी ऐकलंय, एवढंच आठवलं. दुसरा वाचला, तिसरा वाचला. सरांचा आवाज आठवत होता, सर काय म्हणाले ते आठवत नव्हतं. ती दाराकडे पाहत राहिली. सासूबाईंनी हाक मारावी, एखादं पोर रडत आत शिरावं, कुणीतरी यावं आणि हा पेपर थांबावा.

बाहेर पावलं वाजली. धाकटी दबक्या आवाजात कुणाला तरी म्हणाली, “आत जाऊ नका. ताईंचा पेपर चाललाय.”