पारोळ्याच्या रस्त्यावर मी मारलेले डिपर

गाडी शिकले तेव्हाच ठरवलं होतं, पहिली लांबची फेरी धुळ्याला, बहिणीकडे. जळगावहून दोन तासांचं काम. आमचे हे म्हणाले, "गाडी माझ्या नावावर आहे. माझ्या मोबाइलवर एक जरी चलान आलं, तर चावी कायमची परत." म्हटलं, मंजूर. नणंदेला, शोभाला, शेजारी बसवलं आणि सकाळीच निघालो.

एरंडोलला भजी खा, गरम मिळतात. पुढे रस्ता मोकळा, मधे दुभाजक. मग काय, पाय आपोआप दाबला जातो! पारोळ्याच्या अलीकडे पलीकडून येणारा ट्रकवाला डिपर मारायला लागला. मी ओरडले, "दिवसाढवळ्या लाईट कशाला मारतो रे?"

शोभा किंचाळली, "वहिनी, पुढे पोलीस असतील, ब्रेक मार!"

मारला. खरंच, निंबाखाली पोलिसांची गाडी आणि वेग मोजायचा कॅमेरा, आमच्याकडेच तोंड करून.

पुढे गेल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हटलं, आता आपणही पुण्य करू. समोरून येईल त्याला डिपर! ट्रक, एसटी, केळीचा टेम्पो, सगळे हळू. एकाने तर हात जोडले.

"वहिनी, बस कर, बठ्ठे घाबरी राहिनात!" शोभा अहिराणीवर आली. सगळे घाबरताहेत म्हणे!

धुळ्याच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजी-भाकरी घेतली. दोघींचं तीनशेच्या आत, पण तिखट झेपत असेल तरच जा. मी मोठ्याने सांगत होते कुणाकुणाला वाचवलं ते. मागच्या बाकावर निंबाखालच्या गाडीतलाच वाहतूक पोलीस येऊन चहा पीत होता. शोभाने चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"अक्का, आम्ही तुमच्याच बाजूच्या गाड्या मोजत होतो. पलीकडे कोणीच नव्हतं."

ढाबेवाल्याला ठसका लागला.

"मग ते उगाच हळू झाले?"

"उगाच कसं? हळूच जायचं असतं. पण आम्हाला पाहून लाईट मारू नका. सुसाट येणारा तेवढ्यापुरता दबतो आणि पुढच्या गावात कोणाला तरी उडवतो. ढोरं आडवी आली, अपघात झाला, तर मारा."

पटलं मला. पण जीव चलानात अडकलेला. "भाऊ, माझं निघालं का हो?"

"निघालं असेल तर मोबाइलवर येईल. कधी लगेच, कधी आठ दिवसांनी."

बहिणीकडून परतताना काटा बोर्डावरच्या आकड्याच्या वर जाऊ दिला नाही. मागचे हॉर्न मारून थकले, थकू दे. तुम्हीही तसंच चालवा, कोणाच्या डिपरची वाट पाहू नका.

घरी हे मोबाइल घेऊन दारातच. तोंड पाडून म्हणाले, "अजून आलं नाही. पण येईल."

"येईल तेव्हा येईल," म्हटलं. "शोभा, पिशव्या गाडीतच राहू दे. उद्या पद्मालय, परवा फैजपूर."