लिंबापर्यंत पोचणारी हाक

मी सातवीनंतर शाळा सोडली. आमचं गाव जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मेंढरं राखता राखता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात शिपाई म्हणून लागलो, हे मला अजून खरं वाटत नाही. गावी जायचं तर एसट्या बदलत सगळा दिवस मोडतो. नोकरीला बरीच वर्षं झाली, तरी सकाळी कोर्टाचं कुलूप काढताना मागं वळून बघतोच, कुणी हटकत तर नाही ना. आपल्याला चुकून घेतलंय आणि एक दिवस ते कुणाच्या तरी ध्यानात येईल, असं वाटत राहतं. म्हणून मी सांगितलेलं ऐकतो, उलटून बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात आफ्रिकेतल्या एका देशाच्या न्यायाधीश बाई आमचं कोर्ट बघायला आल्या. तिकडं खेड्यापाड्यांत नवी कोर्टं उभी राहत होती. तालुक्याच्या ठिकाणी काम चालतं कसं, हे त्यांना समोर बसून बघायचं होतं. आदल्या दिवशी आम्हा शिपायांना कामं लावणाऱ्या नाझरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. खटला निघाला की पक्षकाराचा पुकारा करायचा, नावानं हाक मारायची, हे माझं काम. नाझरसाहेबांनी बजावलं की पाहुण्यांसमोर बाजारात ओरडल्यासारखं करायचं नाही. दारात उभं राहून, एकदाच, हळू आवाजात नाव घ्यायचं. मी बरं म्हणालो.

त्या सकाळी माणकड गावचे एक आजोबा आले. त्यांच्या रानाकडं जाणारी वाट शेजाऱ्यानं अडवली होती, त्याचा दावा. मागच्या दोन तारखा त्यांच्या आजारपणात गेल्या होत्या, आणि आज शेवटची संधी होती. मी त्यांना व्हरांड्यातला बाक दाखवला. ते म्हणाले की बाकं वकिलांसाठी असतात, आणि मोटरसायकली लावतात त्याच्या पलीकडं, आवारातल्या कडुलिंबाखाली भाकरीचं गाठोडं घेऊन बसले. जाताना एवढंच विचारलं,

"हाक मारतोस न्हवं?"

"मारतो, आजोबा. निवांत बसा."

दुपारी त्यांचा दावा निघाला. आमच्या न्यायाधीश मॅडम खुर्चीवर होत्या, शेजारी पाहुण्या बाई वही उघडून बसलेल्या. मी दारात उभा राहून सांगितल्याप्रमाणे हळूच नाव घेतलं. कोण ऐकणार? आजोबांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. समोरच्या वकिलांनी उठून सांगितलं की हा गृहस्थ कधीच येत नाही, दावा काढून टाकावा. मॅडमनी कागद बघितला आणि त्या टायपिस्टकडं वळल्या. आता मॅडमच्या तोंडातून शब्द निघाला की आजोबांची वाट गेली.

नाझरसाहेब भिंतीपाशी उभे होते. त्यांचे डोळे माझ्यावर. त्या दारातून पुकाऱ्याशिवाय दुसरं वाक्य मी आजवर बोललो नव्हतो.

"मॅडम, माणूस आलाय. लिंबाखाली हाय," म्हणालो आणि उत्तराची वाट न बघता पायरीवर धावलो. मग जसा पुकारा करायचा तसाच केला. तीन वेळा, पोटातून.

आजोबा भाकरीचा तुकडा हातात घेऊनच पळत आले. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा धाप लागलेली. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं की तिथं मुळात वाट होतीच कशावरून. आजोबा म्हणाले, "माझ्या बैलांना इचारा. डोळं झाकून जात्यात." मॅडमनी हसू दाबलं आणि फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायला सांगितलं. अर्धा तास उलटतपासणी चालली. पुढची तारीख पडली. दावा तगला.

कामकाज संपल्यावर मॅडमनी मला बोलावलं. आता मेमो मिळणार, असं धरूनच मी आत गेलो. पाहुण्या बाई इंग्रजीत बोलल्या, मॅडमनी मराठीत सांगितलं. बाहेर जायला तुला कुणी सांगितलं, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, कुणी नाही. आजोबा कुठं बसलेत ते मला माहीत होतं.

बाई म्हणाल्या की त्यांच्याकडं कारकून खोलीतच एकदा नाव वाचतो. माणसं बाहेर आंब्याखाली बसतात, कारण आतल्या खुर्च्या मोठ्या लोकांच्या वाटतात. अशांना त्या गैरहजर मांडत आल्या होत्या, आणि लोकांना फिकीर नाही असं समजत होत्या.

त्यांनी मला सगळं दाखवायला लावलं. मी कुठं उभा राहतो, सकाळी कोण कुठं बसलंय ते कसं हेरून ठेवतो, हाक कुठवर जाते. मी चहाची टपरी दाखवली, मोटरसायकलींची जागा दाखवली. त्या लिहून घेत होत्या. एक न्यायाधीश माझं बोलणं लिहून घेतायत, हे बघून मी सावकाश, एकेक शब्द सांगू लागलो. नाझरसाहेब मागे हात बांधून आमच्यामागून चालत होते. शेवटी तेच म्हणाले, "झेरॉक्सच्या दुकानामागंही बसतात, ते सांग की त्यांना."

आजोबा फाटकाशी एसटीची वेळ विचारत होते. मला बघून थांबले.

"लय लांब बसलो रं गड्या. पुढच्या बारीला बाकावर बसतो."

बसा म्हणालो. मग वाटलं, बसायचे नाहीत.

"न्हाई जमलं तर लिंबाखाली बसा," मी म्हणालो. "मी हाय."