दहा गोण्या आणि गयाबाईचे हात

आमच्या वजनमापांच्या ऑफिसात जुनी वजनं कपाटात साचतात, तसे किस्सेही साचलेत. टाकवत नाहीत आणि कुणी मागतही नाही. मग मीच सांगत बसतो.

ऑफिस म्हणजे कोण? इन्स्पेक्टर साळवे मॅडम, शिपाई सलीमभाई आणि मी क्लार्क. मागं पुंडलिकनगरचे एक काका रोज सकाळी फिरून आले की थेट आमच्या काट्यावर चढायचे. महिनाभर वजन हललं नाही, तर म्हणाले, "सरकारी काटा, चुकणारच." सलीमभाई आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

याच सलीमभाईंचा दुसरा किस्सा. जनावरांची पेंड विकणारी एक बडी कंपनी आहे. बाकीच्या सगळ्या तिनं विकत घेऊन टाकल्या. तिच्या गोण्या हलक्या भरतात अशी कुजबुज आली आणि मॅडमनी नोटीस धाडली. कंपनीचा साहेब आला, आमचा एकुलता पंखा बघून हसला. "बस, एवढंच ऑफिस?" सलीमभाई चहा ठेवत टेबलावरच्या किलोच्या वजनाकडं बोट करून म्हणाले, "साब, किलो का बट्टा भी इत्ताच रहता."

पण कन्नड तालुक्यातला एकही दुकानदार लेखी तक्रार देईना. सही केली की माल बंद, मग दुसरा आणायचा कुठून? मॅडम तीनदा जाऊन हात हलवत परत आल्या. केस बारगळणार, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात गयाबाई आली. घाटाकडं मेंढ्या राखणारी. व्यालेल्या मेंढ्यांना पेंड पुरंना, म्हणून तिला संशय आला. कंपनीनं माल बंद केला तर काय, असं मॅडमनी विचारलं. मेंढ्या चरायचा माळ कुणी बंद करत नाही म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

कंपनीच्या गोदामात तपासणी ठरली. कंपनीचा वकील म्हणाला, गोण्या मशीनवर भरतात, चूक होणं शक्यच नाही. कोकरू उचलून वजन सांगायचं, हे गयाबाईच्या लोकांत लहानपणापासूनचं. तिनं पदर खोचला, दहा गोण्या एकेक करून वीतभर उचलल्या आणि चार बाजूला सारल्या. मॅडमनी दहाही काट्यावर घातल्या. त्या चारच कमी भरल्या.

दारात उभे असलेले दोन दुकानदार गुपचूप पुढं आले आणि माझ्याकडं तक्रारीचा कागद मागू लागले. खरं सांगतो, त्या दिवशी या नोकरीचं लई बरं वाटलं.

वकील मात्र तापला. "बाई, आमची कंपनी केवढी मोठी आहे माहीत आहे का? सरकारपेक्षा मोठी!"

गयाबाई हात झटकत म्हणाली, "व्हय? मंग आना की इथं, उचलून बघते."